तापाच्या ॲडमिशननंतर रक्ताची गुठळी टाळायची कशी: घरी आल्यापासूनचे तीन महिने

मुंबईत पाऊस रुळला की हॉस्पिटलांचे वॉर्ड भरायला लागतात. फ्लू, स्वाइन फ्लू, डेंग्यू, मधूनच कोविड. बरेच जण डॉक्टरांच्या औषधावर घरीच बरे होतात, काहींना ॲडमिट व्हावं लागतं, त्यातल्या थोड्यांना आयसीयूची पायरी चढावी लागते. मग एक दिवस डिस्चार्ज मिळतो आणि घर सुटकेचा श्वास टाकतं.

मी घरोघरी जाऊन फिजिओथेरपी देते. अशा घरात शिरलं की चित्र ठरलेलं असतं. पेशंट पलंगावर, पाठीला दोन उशा, गुडघ्याखाली तिसरी, शेजारी शहाळं, समोर टीव्ही. आणि सून कौतुकाने सांगत असते, "आम्ही बाबांना पाण्याचा ग्लाससुद्धा उचलू देत नाही." या मायेपोटीच्या आरामाची मला खरी धास्ती वाटते. डिस्चार्जनंतर गुठळीची जोखीम लगेच संपत नाही, काही आठवडे रेंगाळते. त्या काळात रक्त पातळ करणारी गोळी थोड्यांनाच लागते. हिंडणंफिरणं आणि पायांवर लक्ष ठेवणं मात्र सगळ्यांनाच लागतं.

गुठळी होते कशी

एकोणिसाव्या शतकात रुडॉल्फ व्हिर्खो या जर्मन डॉक्टरांनी फुप्फुसातल्या गुठळ्या बहुधा पायाच्या शिरांतून सुटून आलेल्या असतात हे दाखवून दिलं. (त्यांचा जन्मदिवस, १३ ऑक्टोबर, २०१४ पासून जागतिक थ्रॉम्बोसिस दिन म्हणून पाळतात.) शिरेत रक्त गोठायची तीन कारणं आजही त्यांच्याच नावाने शिकवली जातात: रक्तवाहिनीच्या अस्तराला इजा, गोठण्याकडे झुकलेलं रक्त आणि मंदावलेला प्रवाह. जोरदार विषाणू संसर्गात तिन्ही एकत्र येतात. सूज अस्तरापर्यंत पोचते, शरीर रक्त गोठवणारी प्रथिनं जास्त बनवतं आणि माणूस अंथरुणाला खिळतो.

तिसऱ्या कारणात पोटरीचा वाटा मोठा. इमारतीच्या टाकीत पाणी चढवणाऱ्या पंपासारखे पोटरीचे स्नायू प्रत्येक पावलागणिक रक्त वर ढकलतात. पंप बंद पडला की रक्त खोल शिरांमध्ये साचतं आणि गुठळी धरते. ती तिथेच राहिली तर पाय सुजतो, दुखतो. तुटून वर गेली तर हृदयाच्या उजव्या बाजूतून थेट फुप्फुसात अडकते आणि जीवावर बेतू शकतं.

धोका किती काळ? शिरांमधल्या एकूण गुठळ्यांपैकी निम्म्याच्या आसपास गुठळ्या ॲडमिशनच्या काळात किंवा त्यानंतरच्या ९० दिवसांत होतात. कोविडच्या दहा लाखांहून जास्त रुग्णांचा स्वीडनमधला अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात पायातल्या गुठळीची जोखीम ३ महिने, तर फुप्फुसातल्या गुठळीची ६ महिने वाढलेली आढळली. आजार जितका गंभीर, तितकी ती जास्त. फ्लूमध्येही धोका असतो, फक्त कोविडपेक्षा कमी. डेंग्यूचं गणित वेगळं. तिथे प्लेटलेट्स उतरतात, पहिली भीती रक्तस्रावाची असते. म्हणून शेजाऱ्यांना कोविडनंतर दिलेली गोळी डेंग्यूच्या पेशंटला देणं हा शुद्ध वेडेपणा.

डिस्चार्जच्या दिवशी: कार्ड तिथेच वाचा

मेडिक्लेमच्या मंजुरीसाठी तीन-चार तास खोळंबा होतोच. त्या वेळात डिस्चार्ज कार्ड वाचून काढा आणि मोबाइलवर त्याचा फोटो घेऊन ठेवा. कार्डावर या गोष्टी शोधा:

- ॲडमिशनमध्ये इनॉक्सापॅरिन किंवा हेपॅरिन हे गुठळी टाळणारं औषध दिलं होतं का. पेशंटच्या भाषेत हे "पोटातलं इंजेक्शन".
- आयसीयूत किती दिवस होते. मांडीतून किंवा मानेतून सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेत घालतात ती नळी) टाकली होती का.
- शेवटचं क्रिएटिनिन (किडनी कसं काम करते ते सांगणारा आकडा), हिमोग्लोबिन आणि प्लेटलेट्स.
- घरच्या औषधांत रिव्हरॉक्साबॅन, अपिक्साबॅन, डॅबिगॅट्रान, वॉरफरिन किंवा ॲसिट्रोम यांपैकी रक्त पातळ करणारं औषध आहे का.

मग राउंडवरच्या डॉक्टरांना सरळ विचारा: "पोटातलं इंजेक्शन चालू होतं, ते आता बंद की त्याऐवजी गोळी? गोळी असेल तर कोणत्या तारखेपर्यंत?" तारीख कार्डावर लिहून घ्या. नुसतं "चालू ठेवा" लिहिलेलं कार्ड हा माझा नेहमीचा वैताग आहे. अशी कार्डं घेऊन लोक सहा-सहा महिने गोळी खात राहतात, नाहीतर पहिली पट्टी संपली की आपणच बंद करतात. दोन्हीकडून नुकसान.

गोळी कोणाला लागते

फ्लू, न्यूमोनियासारख्या आजारानंतर सरसकट सगळ्यांना घरी गोळी देऊ नये, असंच मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. कोविडनंतरच्या दोन अभ्यासांवरून कारण कळतं. अमेरिकेत सुमारे १,२०० जणांना डिस्चार्जनंतर ३० दिवस अपिक्साबॅन किंवा नुसती साखरेची गोळी दिली. दोन्ही गटांत गुठळी किंवा मृत्यू शंभरात दोनच्या आसपास, म्हणजे फरक नाहीच. ब्राझीलमध्ये मात्र जास्त जोखमीचे ३२० जण निवडून ३५ दिवस १० मिलिग्रॅम रिव्हरॉक्साबॅन दिलं. तिथे गंभीर घटना शंभरात साधारण ९ वरून ३ वर आल्या. यात तपासणी करून शोधलेल्या, त्रास न देणाऱ्या गुठळ्याही धरल्या होत्या. म्हणजे माणूस निवडून दिली तर गोळीचा उपयोग.

ही निवड करायला डॉक्टर गुणांची एक पद्धत वापरतात. आधी कधी गुठळी झाली असेल तर ३ गुण. कॅन्सर, पायाचा लकवा किंवा गुठळ्यांचा आनुवंशिक दोष असेल तर प्रत्येकी २. वय ६० च्या वर, आयसीयूत मुक्काम, सात दिवस किंवा जास्त अंथरुणावर, याला प्रत्येकी १. याशिवाय जाडेपणा, गरोदरपण, नुकतंच झालेलं बाळंतपण, इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्या हेही लक्षात घेतात. गुणांची बेरीज घरी बसून करायची नाही, कारण दुसऱ्या पारड्यात रक्तस्रावाचा धोका तोलावा लागतो: अल्सर, कमी प्लेटलेट्स, किडनीचा आजार, पूर्वीचा मेंदूतला रक्तस्राव. तुमचं काम एवढंच, की यातली एकही गोष्ट लपवायची नाही. आपल्याकडे घरात कॅन्सरचं नाव काढत नाहीत. "आईला माहीत नाही, तिच्यासमोर बोलू नका," असं मला दारातच सांगणारी मुलं भेटतात. आईसमोर नका बोलू, पण डॉक्टरांना बाजूला घेऊन सांगाच.

घरी आल्यावर: उठा, चाला, पाणी प्या

पहिला आठवडा सगळ्यांत महत्त्वाचा आणि नेमका तोच झोपून काढला जातो. अशक्तपणा खरा असतो, मी तो नाकारत नाही. पण अशक्तपणावर उतारा म्हणून थोडं-थोडं, वारंवार चालायचं असतं.

जागेपणी दर तासाला पाच मिनिटं. मुंबईच्या घरात चालायचं कुठे, हा प्रश्न ठरलेला. चाळीत असाल तर बाहेरचा व्हरांडा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. फ्लॅटमध्ये स्वयंपाकघराच्या ओट्यापासून हॉलच्या खिडकीपर्यंत दहा फेऱ्या. पावसात बिल्डिंगच्या आवारात उतरू नका, शेवाळावरून पाय घसरला तर नवीनच संकट. सोबत कोणीतरी असू द्या, पण हाताला धरून ओढू नका. पेशंटने तुमच्या दंडाला धरावं.

दुसऱ्या आठवड्यात वेळ दहा मिनिटांवर न्या आणि दिवसातून कमी वेळा चाला. जिने शेवटी. तिसऱ्या-चौथ्या माळ्यावर लिफ्टशिवाय राहणाऱ्यांनी एक जिना, दोन मिनिटं खुर्ची, पुन्हा एक जिना, असं करावं.

बसून किंवा पडून असताना पावलं हलवा: अंगठे स्वतःकडे खेचा, मग लांब ढकला. वीस वेळा, दर तासाला. मालिकेत जाहिरात लागली की करायचं, असं ठरवलेल्या एका आजी माझ्या सगळ्यांत शिस्तीच्या पेशंट होत्या. गुडघ्याखालची उशी काढा; तिथल्या शिरांवर दाब येतो आणि गुडघा आखडतो तो वेगळाच. सूज असेल तर उशी पावलांपासून पोटरीपर्यंत सलग ठेवा. जेवण, चहा, आंघोळ पलंगावर नको.

चालताना छातीत दुखलं, घेरी आली किंवा ऑक्सिमीटरवरचा आकडा तीन-चारने उतरला तर थांबा आणि डॉक्टरांना कळवा.

पाण्याचं एक मुंबईपण आहे. संडास व्हरांड्याच्या टोकाला किंवा खालच्या माळ्यावर असला की म्हातारी माणसं मुद्दाम पाणी कमी पितात, रात्री उठायला नको म्हणून. अंगातलं पाणी कमी झालं की रक्त दाट होतं. तापातून उठलेल्या माणसाची लघवी फिकट पिवळी राहील इतकं पाणी हवं. दिवसा जास्त प्या, संध्याकाळनंतर कमी, म्हणजे दोन्ही साधतं. हृदयाच्या आणि किडनीच्या पेशंटनी मात्र डॉक्टरांनी आखून दिलेल्या मापातच प्यावं.

रोज सकाळी दोन्ही पाय शेजारी ठेवून बघा

पायातली गुठळी बहुतेक वेळा एकाच पायात होते, म्हणून तुलना महत्त्वाची. शिलाई मशीनच्या खणातली शिंप्याची टेप घ्या. पेशंटला पाय खाली सोडून बसवा. गुडघ्याच्या वाटीखाली नडगीवर हाडाचा एक उंचवटा बोटाला लागतो. तिथून खाली १० सेंटीमीटरवर पेनाने खूण करा आणि त्या जागी पोटरीचा घेर मोजा, टेप आवळायची नाही. दुसऱ्या पायावर तसंच. आकडे कॅलेंडरवर त्या तारखेच्या चौकटीत लिहा.

दोन पोटऱ्यांत ३ सेंटीमीटरहून जास्त फरक असेल तर त्याच दिवशी डॉक्टर. फरक कमी असला तरी एकच पोटरी दुखते, दाबल्यावर कळ येते, गरम लागते, लालसर-निळसर दिसते, तरीही त्याच दिवशी. सेंट्रल लाइन होती त्या बाजूचा हात किंवा मांडी सुजली तरी हाच नियम. लागते ती डॉपलर सोनोग्राफी: सुई नाही, भूल नाही, शीर दाबून बघतात. गुठळी असलेली शीर दाबली जात नाही. मुंबईत ही सोय जवळपास प्रत्येक उपनगरात आहे.

दोन्ही पाय सारखेच सुजले असतील तर कारण बहुधा वेगळं असतं: हृदय, किडनी, कमी झालेली प्रथिनं, कधी बीपीची ॲम्लोडिपिन. दाखवा जरूर.

आणि मालिश. पोटरी दुखायला लागली की पहिली आठवण मोहरीच्या तेलाची होते. एका पायाची सूज आणि दुखणं असताना, डॉपलर होईपर्यंत त्या पायाला कोणीही तेल लावून रगडायचं नाही. माझ्यासारख्या फिजिओनेही नाही.

हे दिसलं तर थेट कॅज्युअल्टी

तापानंतरचा थकवा आणि धाप आठवड्यागणिक कमी होत जाते. कालपेक्षा आज बरं, निदान तितकंच. फुप्फुसातली गुठळी हा क्रम मोडते: सकाळी व्हरांड्यात चालणाऱ्या माणसाला दुपारी मोरीपर्यंत जाताना दम लागतो. अचानक धाप, श्वास आत घेताना छातीत टोचल्यासारखं दुखणं, थुंकीत रक्त, भोवळ येऊन पडणं, बसल्या जागी नाडी शंभरच्या वर. यातलं एक जरी नव्याने दिसलं तर संध्याकाळी दवाखाना उघडायची वाट बघत बसू नका.

२०२० पासून घरोघरी ऑक्सिमीटर आले, आणि त्यासोबत एक खोटा दिलासाही. ऑक्सिजन ९७ दाखवतो म्हणून गुठळी नाही, असं ठरत नाही.

१०८ ला फोन करा. ॲम्ब्युलन्सला वेळ लागणार असेल तर टॅक्सी, पण लोकल किंवा दुचाकी नको. लिफ्ट नसेल तर पेशंटला चालवत उतरवू नका. प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून चौघांनी उतरवा, चाळीत हात द्यायला माणसं कमी पडत नाहीत. परळचं केईएम, सायन, मुंबई सेंट्रलचं नायर, जुहूचं कूपर, भायखळ्याचं जेजे, या सगळ्यांची कॅज्युअल्टी चोवीस तास चालू असते. पोचल्यावर पहिलं वाक्य हेच: "अमुक तारखेला व्हायरल आजारातून डिस्चार्ज झालाय आणि आज अचानक धाप लागली." नुसतं "दम लागतोय" म्हणालात तर दमा, न्यूमोनिया असा शोध सुरू होईल. पुढे ईसीजी, एको (हृदयाची सोनोग्राफी) आणि बहुधा फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांचं सीटी होतं. त्यात डाय (शिरेतून द्यायचं रंगद्रव्य) देतात, त्याचा किडनीवर ताण येऊ शकतो, म्हणून आधीचं क्रिएटिनिन मोबाइलमधल्या फोटोत हाताशी असलेलं बरं.

गुठळी धमनीतही होऊ शकते. फ्लूचं निदान झाल्यानंतरच्या पहिल्या ७ दिवसांत हार्ट ॲटॅकचं प्रमाण सुमारे सहापट वाढतं, हे कॅनडातल्या २०१८ च्या अभ्यासात दिसलं. तोंड वाकडं होणं, एक हात गळणं, बोबडं बोलणं ही स्ट्रोकची (मेंदूच्या झटक्याची) लक्षणं दिसली तर घड्याळ बघून वेळ लक्षात ठेवा. गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन साधारणपणे साडेचार तासांच्या आतच देता येतं.

डी-डायमरच्या मागे लागू नका

डी-डायमर म्हणजे गुठळी विरघळताना रक्तात सुटणारे तुकडे. कोविडने ही तपासणी घराघरांत पोचवली आणि अजून लोक दर आठवड्याला ती करून आकड्याला घाबरतात. संसर्ग, ऑपरेशन, गरोदरपण, नुसतं वाढतं वय, यांनीही डी-डायमर वाढतं. आकडा कमी आला तर काही वेळा गुठळी नाही म्हणता येतं. जास्त आला म्हणून गुठळी आहे असं म्हणता येत नाही. त्यात एकक निरनिराळी. एका लॅबचं ५०० आणि दुसरीचं ०.५ ही एकच गोष्ट असू शकते, आणि डीडीयू हे एकक लिहिलेल्या रिपोर्टातला आकडा एफईयू या एककातल्या आकड्याच्या साधारण निम्मा असतो. लक्षण नसताना ही तपासणी करायचीच नाही. लक्षण असेल तर डॉक्टर ठरवतील.

गोळी किंवा इंजेक्शन दिलं असेल तर

इंजेक्शन बेंबीपासून दोन इंच लांब, पोटाची चिमूट धरून, रोज बाजू बदलून. नंतर चोळायचं नाही, छोटासा काळानिळा डाग पडला तर चालतो. रिव्हरॉक्साबॅनची १५ आणि २० मिलिग्रॅमची गोळी भरल्या पोटीच. १० मिलिग्रॅमची कशीही. अपिक्साबॅन दिवसातून दोनदा. गोळी चुकली तर त्याच दिवशी आठवल्याबरोबर घ्या, दुसऱ्या दिवशी दुप्पट नको. वॉरफरिन किंवा ॲसिट्रोमवर असाल तर आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा आकडा) बहुतेकांना २ ते ३ च्या दरम्यान हवा. आणि श्रावणात रोज अळू-माठ, मग महिनाभर पालेभाजी बंद, असं करू नका. प्रमाण साधारण सारखं ठेवा.

दुसऱ्या औषधांशी होणारी भांडणं जास्त फसवी. पावसाळ्यात जांघेत गजकर्ण होतं आणि केमिस्ट इट्राकोनॅझोलच्या कॅप्सूल देतो. त्याने रिव्हरॉक्साबॅन, अपिक्साबॅन रक्तात वाढतं आणि रक्तस्राव होऊ शकतो. टीबीच्या औषधांतलं रिफाम्पिसिन उलट करतं, गोळीचा असर घालवतं. अंगदुखीसाठी डायक्लोफिनॅक, ॲसिक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन नको, पॅरासिटामॉल चालतं. हळदीच्या, लसणीच्या कॅप्सूलही डॉक्टरांना सांगून. इकोस्प्रिनला (म्हणजे ॲस्पिरिनला) लोक "रक्त पातळ करायचीच ना" म्हणून पर्याय समजतात. तिचं काम वेगळं आहे, मनाने बदल करायचा नाही आणि दोन्ही एकत्र घ्यायच्या की नाही हेही डॉक्टरच ठरवणार.

शौचाला डांबरासारखी काळी होणं, लघवीत रक्त, हिरड्यांतून न थांबणारं रक्त, डोक्याला मार: लगेच हॉस्पिटल. दात काढायला गेलात तर डेंटिस्टला गोळीचं नाव आधी सांगा.

गणपतीला गावी जायचंय

जुलैमध्ये डिस्चार्ज आणि भाद्रपदात कोकण, हा मुंबईकराचा नेहमीचा हिशेब. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात चार तासांहून लांबच्या बसून केलेल्या प्रवासाने गुठळीची जोखीम साधारण दुप्पट होते असं आढळलं. धडधाकट माणसात ती मुळात फारच कमी, पण आजारातून नुकत्याच उठलेल्यात तशी नाही. पहिले चार-सहा आठवडे लांबचा प्रवास टळला तर उत्तम. जायचंच असेल तर रात्रभराच्या बसपेक्षा कोकण रेल्वे बरी, डब्यात चालता येतं. मधल्या वाटेजवळची सीट घ्या, तासाला एक फेरी मारा. गोळी चालू असेल तर पट्टी हातातल्या पिशवीत ठेवा, सीटखालच्या बॅगेत नको.

हरतालिकेचा निर्जळी उपास यंदा सोडा. आणि गौरी-गणपतीत पाळी पुढे ढकलण्याची गोळी केमिस्टकडून परस्पर आणू नका. त्यातल्या नॉरएथिस्टेरोनचा काही भाग शरीरात इस्ट्रोजेनमध्ये बदलतो आणि गुठळीची जोखीम वाढू शकते. नुकत्याच ॲडमिट होऊन आलेल्या बाईने आधी स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारावं.

पुढची तपासणी

गोळी लागली नसेल तर डिस्चार्जनंतर एकदा आठवड्या-दोन आठवड्यांनी आणि पुन्हा सहा आठवड्यांनी डॉक्टरांना भेटणं बहुतेकांना पुरतं. जाताना पोटरीच्या मापांचं कॅलेंडर न्या. गुठळी सापडलीच असेल तर उपचार किमान तीन महिने चालतो, आणि बरं वाटलं म्हणून महिन्यात गोळी सोडणाऱ्यांची गुठळी पुन्हा येऊ शकते. तीन महिने गोळ्या नीट घेऊनही जिना चढताना पूर्वीपेक्षा जास्त धाप लागत असेल, तर "वय झालं" म्हणून सोडून देऊ नका. काही थोड्या लोकांत फुप्फुसातली गुठळी पुरती विरघळत नाही आणि तिथला दाब वाढत जातो. तो आधी एको करून बघतात, मग गरज पडली तर व्हीक्यू स्कॅन (फुप्फुसात हवा आणि रक्त कुठवर पोचतं ते दाखवणारी तपासणी). धाप राहिली असेल तर तिसऱ्या महिन्याच्या भेटीत एकोचा विषय तुम्हीच काढा.